पावलांचे गाऱ्हाणे



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून मोठमोठ्या विद्वानांनी वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय मांडले आहेत. त्याच रांगेत आज आम्ही उभे आहोत, आणि आमचा विषय आहे पायाचा तळवा. व्यायामाच्या यंत्रावर चालताना पाय बधिर का होतात आणि तसे झाले तर काय करावे, एवढाच तो विषय. चिटणीसांना वाटले होते की आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू. विषय ऐकल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तुमची मर्जी." त्यांच्या त्या सहनशीलतेबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आमचा अधिकार किती, हेही आधीच सांगून टाकलेले बरे. आमची शाळा सातवीला सुटली. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरण्याच्या कामाला लागलो, पुढे माग चालविले, आणि गेली तीस वर्षे कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आहोत. वाचन जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. जे सांगणार आहोत त्यातले काही आमच्या स्वतःच्या पायांनी शिकविले, काही एका भल्या डॉक्टरांनी समजावून दिले, आणि उरलेले पुस्तकांतून ताडून पाहिले. यातून कोणाचा डॉक्टरांकडे जाण्याचा वेळ वाचेल अशी आमची इच्छा नाही. उलट काहींनी उद्याच जावे अशी आहे.

आमचे वय चौपन्न झाले तेव्हा रक्तदाब वाढला आणि वजनही वाढले. उभे राहून भाषणे करण्याने वजन कमी होत नाही, हा अनुभव सभेतील इतर वक्त्यांनाही असेल. डॉक्टरांनी हृदयाची परीक्षा करण्यासाठी चालत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर चढविले. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो आणि छातीला लावलेल्या तारांतून हृदयाचा आलेख निघतो. परीक्षेत आम्ही उत्तीर्ण झालो, पण डॉक्टर म्हणाले, "आता रोज घाम आला पाहिजे." जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आमच्या रस्त्यावर टेम्पो आणि सुताच्या गाड्या यांतून माणसाला चालायला जागा उरत नाही. तेव्हा मुलाने एका व्यायामशाळेचे तीन महिन्यांचे पैसे भरून टाकले. आमच्या कोल्हापूर भागात व्यायाम म्हटला की तालीम, लाल माती, जोर आणि बैठका. येथे पाहतो तो आरसे, गाणी आणि यंत्रांची रांग! कारखान्यातून सुटलो आणि पुन्हा यंत्राच्याच खात्यात आलो, असे आम्हांला वाटले.

आम्ही जे यंत्र धरले त्याला क्रॉस ट्रेनर म्हणतात. दोन पेडलांवर दोन पाय ठेवायचे, दोन हातांनी दोन दांडे ओढायचे, आणि पाय लंबवर्तुळात फिरत राहतात. गुडघ्याला धक्का बसत नाही म्हणून ते आमच्या वयाला चांगले, असे सांगण्यात आले, आणि ते खरेही आहे. पहिले काही दिवस ठीक गेले. मग असे होऊ लागले की बाराव्या मिनिटाला बोटांना मुंग्या येत, पंधराव्याला चवडा जड पडे, आणि विसाव्या मिनिटाला दोन्ही पावलांचा पुढचा भाग आपला नाहीच असे वाटे. खाली उतरून चार-पाच मिनिटे फिरलो की पाऊल पुन्हा जागेवर येई. तेथील शिकविणारा तरुण मनाने चांगला होता. तो म्हणाला, "काका, थोडं सोसा. सवय होईल."

आम्ही सोसले. तीन महिने सोसले आणि घरी अवाक्षर काढले नाही. ज्याने दुसऱ्यांच्या तक्रारी मांडण्यात जन्म घालविला त्याने स्वतःच्या पायाची तक्रार का दडपावी? एक तर शेजारच्या यंत्रावर विशीतली मुले असत आणि त्यांच्यादेखत उतरायची लाज वाटे. दुसरे कारण भीतीचे होते, आणि ती भीती कोठून आली हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यापूर्वी काही वर्षे आमच्या संघटनेत सायझिंगचा एक कामगार होता. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावून ते वाफेने तापविलेल्या सिलिंडरवर वाळविण्याचे खाते. तेथे जमीन ओली असते, नळ तापलेले असतात, आणि पाळी उभ्यानेच काढायची असते. एकदा गेटवरच्या सभेनंतर तो आम्हांला म्हणाला, "अण्णा, चालताना पाय कापसावर पडल्यागत वाटतंय बघा." आम्ही हसलो. म्हणालो, "अरे, आपला जन्मच कापसावर चालला आहे!" बोनसची बोलणी ऐन रंगात आली होती आणि आमचे लक्ष तिकडे होते. पुढे पंधरवड्यात त्याच्या तळव्याला चटका बसला, तो त्याला कळलाच नाही. जखम चिघळली तेव्हा प्रथम त्याच्या बायकोच्या ध्यानात आली. रुग्णालयात नेल्यावर रक्तातील साखर भरमसाट निघाली. किती वर्षांपासून होती हे कोणास ठाऊक! दोन बोटे काढावी लागली आणि त्याबरोबर कामही गेले. त्या वर्षी बोनस आम्ही चांगला मिळविला. त्याच्या वाट्याचा बोनस घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या बांधलेल्या पायाकडे पाहण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

ही गोष्ट आम्ही दया उत्पन्न करण्यासाठी सांगत नाही. बधिरपणा म्हणजे काय, हे त्या माणसाने आम्हांला शिकविले म्हणून सांगतो. दुखणे हे गाऱ्हाणे आहे. मुंग्या येणे हेही गाऱ्हाणेच आहे. परंतु बधिरपणा हे गाऱ्हाणे थांबल्याचे चिन्ह आहे. कारखान्यात गाऱ्हाणी थांबली की मालक समजतो सारे सुरळीत चालले आहे, आणि संघटनेच्या माणसाला मात्र त्या शांततेचीच काळजी वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1946 पासून पुढे अनेक वर्षे कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास केला. बोटे झडतात ती रोगाने मांस आपोआप सडते म्हणून नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे माणसाला चटका, काटा, घर्षण काहीच कळत नाही आणि तो त्याच जखमेवर चालत राहतो म्हणून, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही देणगी आहे असे ते म्हणत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही हेच तत्त्व लागू पडते.

तर अशी भीती मनात धरून आम्ही तीन महिने यंत्र चालविले आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरांपुढे जाऊन बसलो. त्यांनी बूट-मोजे काढायला सांगितले. प्रथम दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहिल्या. मग नायलॉनचा एक धागा काढला. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. आम्हांला डोळे मिटायला सांगून तो धागा तळव्याला जागोजागी टेकवला आणि कळते का ते विचारले. सेकंदाला 128 कंपने होणारा एक चिमटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर धरला. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी पाहिली, रक्त तपासायला दिले. दोन दिवसांनी म्हणाले, "तुमचे ज्ञानतंतू शाबूत आहेत, साखर हद्दीत आहे. आता ते बूट इकडे द्या." त्यांनी एका कागदावर आम्हांला उभे केले, पेन्सिलीने पावलाची आकृती काढली आणि तिच्यावर बूट ठेवला. आमचा चवडा बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता! तीस वर्षे आम्ही आठ नंबरचा बूट घेत आलो होतो. लहानपण चपलेत आणि अनवाणी गेल्यामुळे आमचे पाऊल मुळात रुंद, त्यात वयाबरोबर पावलाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबते. आमचा नंबर नऊ झाला होता. आमच्याखेरीज ही गोष्ट आमच्या पायांना ठाऊक होती, आणि ते रोज बाराव्या मिनिटाला ती सांगत होते.

आता यंत्रावर नेमके काय घडते ते पाहू. रस्त्यावर चालताना आपले पाऊल दर पावलागणिक जमिनीवरून उचलले जाते. टाच टेकते, भार पुढे सरकतो, बोटे ढकलतात, आणि पाऊल हवेत जाते. त्या क्षणाला तळव्यावरचा दाब सुटतो आणि रक्त फिरते. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पेडल सोडतच नाही. विसाव्या मिनिटापर्यंत चवड्याची तीच जागा दाबलेली राहते. चवड्यात लांबट हाडे ओळीने असतात आणि बोटांकडे जाणारे बारीक ज्ञानतंतू त्यांच्यामधून जातात. वरून बूट आवळलेला, खालून पेडल दाबते, आणि व्यायामाने पाऊल तापून फुगलेले. अशा तिहेरी दाबात ज्ञानतंतू चेपतो, त्याला पुरवठा करणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही चेपतात, आणि प्रथम मुंग्या व मग बधिरपणा येतो. दांड्यांवर रेलून पुढे वाकण्याची सवय असेल तर सारा भार चवड्यावर येतो. तोल जाईल या भीतीने काही जण बुटाच्या आत बोटांनी तळ धरून ठेवतात. आम्ही तेही करीत होतो.

ट्रेडमिलवर पाऊल उचलले जाते, म्हणून तेथे हा त्रास कमी. पण पट्ट्याला फार चढ दिला की टाच नीट टेकत नाही आणि पुन्हा चवड्यावर भार येतो. पोटऱ्या आखडलेल्या असल्या तरी तेच होते. जागच्या जागी चालविण्याच्या सायकलवर पेडलचा पट्टा फार आवळला, किंवा बैठक इतकी उंच ठेवली की बोटे ताणून पेडल गाठावे लागते, तर पावले बधिर होतात. बैठकीच्या दाबाने मांड्यांच्या मधला भागही बधिर होतो. लोक लाजेने हे सांगत नाहीत, म्हणून आम्हीच सांगून टाकले. बुटाची नाडी घट्ट बांधण्याचाही एक परिणाम आहे. पावलाच्या वरच्या बाजूने एक ज्ञानतंतू जातो, तो नाडीखाली चेपला तर अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामधली जागा बधिर होते. कोठे बधिर झाले हे सांगितले तर जाणता माणूस कारण पुष्कळसे ओळखतो. म्हणून "पाय बधिर होतो" एवढेच न सांगता कोणती बोटे, कोणती बाजू, कितव्या मिनिटाला, हे टिपून ठेवावे. मागण्यांची यादी मोघम असली तर बोलणी फसतात, तसेच हे आहे.

उपाय सांगतो. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. उभे राहून घालून पाहावा, नेहमीचे मोजे बरोबर न्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. पुष्कळांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते हे विसरू नये. चवड्याशी बूट रुंद असावा. कागदावर आकृती काढण्याची परीक्षा घरी कोणालाही करता येते, तिला पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. घट्ट बुटात जाड मोजे घालू नयेत. नाडी टाचेजवळ, म्हणजे वरच्या भोकांत, बेताची घट्ट आणि चवड्यावर सैल ठेवावी. एखाद्या जागी नाडी टोचत असेल तर त्या जागचे भोक सोडून नाडी पुढे न्यावी. दहा मिनिटांनी पाऊल फुगले की उतरून ती पुन्हा सैल करावी.

यंत्रावर ताठ उभे राहावे, दांडे धरावेत पण त्यांच्यावर रेलू नये. टाच पेडलवर टेकलेली ठेवून भार सगळ्या तळव्यावर वाटावा. दर पाच मिनिटांनी पाऊल बोटभर पुढे-मागे सरकवावे आणि बुटात बोटे हलवावीत. यंत्राचा जडपणा कमी करावा. अर्धा तास एकाच यंत्रावर घालविण्यापेक्षा दहा मिनिटे क्रॉस ट्रेनर, दहा मिनिटे पट्टा आणि दहा मिनिटे सायकल अशी वाटणी करावी. हृदयाला श्रम मिळाले म्हणजे झाले, ते कोणत्या यंत्रावर मिळाले याची चौकशी हृदय करीत नाही. व्यायामानंतर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात. आणि हे सगळे एकदम करू नये. आठवड्याला एक बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते. आम्हांला पहिला गुण नव्या बुटाने आला आणि उरलेला टाच टेकण्याने. आता आम्ही तीस मिनिटे करतो आणि पावले शेवटपर्यंत आमचीच असतात.

येथे थांबलो असतो तर हे भाषण बुटांच्या दुकानदाराने ठेवले असे आपणांस वाटले असते. पण प्रत्येक बधिरपणा बुटाचा नसतो. उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत जो जातो आणि बूट, उभे राहणे, यंत्र बदलल्याने कमी होतो, तो बहुधा दाबाचा. जो विश्रांतीनंतरही राहतो, रात्री अंथरुणात जाणवतो, मोजा घातल्याप्रमाणे दोन्ही पावलांवर बोटांकडून हळूहळू वर चढतो, जमिनीवर पाय टेकला तरी कापसावर टेकल्यासारखा वाटतो, तो मधुमेहाचा असू शकतो. शरीरातले सर्वांत लांब ज्ञानतंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि साखरेचा मार प्रथम त्यांना बसतो. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले. ब-12 जीवनसत्त्व कमी पडले तरी पावले बधिर होतात. शाकाहारी माणसांनी आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दारूनेही ज्ञानतंतू जातात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेवढाच भाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि लवकर गेले तर पाऊलही वाचते.

चालताना किंवा उभे राहताना पाय बधिर होतात पण बसले, पुढे वाकले किंवा सायकल चालविली तर होत नाहीत, असे असेल तर दोष कमरेच्या मणक्यात असू शकतो. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, पाऊल गार पडते, अशी तक्रार विडी-सिगारेट ओढणाराने केली तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील. व्यायामाच्या ठरावीक मिनिटाला नडगीचा स्नायू दगडासारखा कठीण होऊन पाऊल बधिर होत असेल तर तेही दाखवावे. बुटात खडा असल्यासारखे वाटून तिसऱ्या-चौथ्या बोटात कळ येत असेल, तर तेथील ज्ञानतंतूभोवती जाड गाठ झालेली असू शकते. अमेरिकेतील डॉ. मॉर्टन यांनी 1876 साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले आहे. आणि एकाएकी पाऊल उचलता येईनासे झाले, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा एका अंगाचा हातपाय आणि तोंड बधिर झाले, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ज्याची संवेदना खरोखर कमी झाली आहे त्याने यंत्रावर चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर तळवे पाहावेत, बुटात हात घालून खडा-खिळा नाही ना हे पाहावे, आणि अनवाणी फिरू नये. मऊ रबराच्या तळाची एम.सी.आर. चप्पल अशा पायांसाठीच असते.

श्रोतेहो, या चालण्याच्या यंत्राचा पूर्वज कोठला, हे वाचनालयात शोधताना आम्हांला गंमत वाटली आणि मग वाटेनाशी झाली. 1818 च्या सुमारास इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअराने तुरुंगातील कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक काढले. कैद्यांनी दिवसाचे कित्येक तास त्यावर चढत राहायचे आणि कोठेच पोहोचायचे नाही. ऑस्कर वाइल्ड या लेखकाला 1895 साली शिक्षा झाल्यावर या चाकावर चालावे लागले. 1898 च्या तुरुंग कायद्यानंतर ही शिक्षा बंद पडत गेली. पुढे 1952 साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी चालता पट्टा हृदयाच्या परीक्षेसाठी वापरात आणला. त्याचाच लाभ आम्हांला झाला. पायाखाली फिरणारे यंत्र एके काळी शिक्षेचे होते आणि आज औषधाचे आहे. मग फरक कशात आहे? आमच्या मते फरक तांबड्या बटणात आहे. व्यायामशाळेतील पट्ट्यावर एक तांबडे बटण असते. पाय बधिर झाला की आम्ही ते दाबतो, उतरतो, नाडी सैल करतो. कैद्याला ते बटण नव्हते.

आणि आमच्या यंत्रमाग कामगारालाही ते नाही. माग त्याला थांबविता येतो, पण कापडाच्या मीटरवर मजुरी असल्यामुळे माग थांबला की मजुरी थांबते. बारा-बारा तास सिमेंटच्या जमिनीवर उभे राहून त्याचे पाय रोज बधिर होतात. त्यालाही कोणीतरी सांगितलेले असते, "सोस, सवय होईल." दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, दारावरचे पहारेकरी, पोळ्या लाटणाऱ्या बायका, सर्वांची हीच कथा आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात लिहिले होते की ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची सोय असावी, म्हणजे कामात उसंत मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल. 2020 च्या संहितेतही बसण्याची ही सोय आली आहे. केरळात दुकानांतील विक्रेत्या स्त्रिया बसण्याच्या हक्कासाठी झगडल्या आणि 2018 साली तेथे तसा कायदा झाला. 2021 साली तामिळनाडूने तो केला. बसायला मिळावे म्हणून माणसांना झगडावे लागते, हे ऐकून पुढच्या पिढ्या हसतील अशी आमची आशा आहे.

आमच्या सायझिंगच्या कामगाराला त्याची बोटे परत मिळणार नाहीत. पण त्यानंतर, आणि विशेषतः स्वतःचे पाय बधिर झाल्यानंतर, आम्ही गेटवरच्या सभेत एक नवा प्रश्न विचारू लागलो. मजुरी किती, बोनस किती, हे विचारून झाले की विचारतो, "पाय कसे आहेत?" पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्या सभेनंतर पाच जण मागे थांबले. त्या पाचांपैकी दोघांना साखर निघाली आणि दोघांचीही पावले शाबूत आहेत. एका कारखान्यात आठ स्टुले मागितली, चार मिळाली. उरलेल्या चारांची बोलणी चालू आहेत.

आपल्यापैकी जे उद्या सकाळी यंत्रावर चढतील त्यांना एवढेच सांगणे आहे की पाय बधिर झाला तर सोसू नका आणि घाबरूही नका. उतरा, बूट काढा, पाहा, टिपून ठेवा, आणि नाही गेला तर दाखवा. आज रात्री घरी गेल्यावर पाय धुवाल तेव्हा तळवे एकदा दिव्याजवळ धरून पाहा, आणि घरात वडीलधारे असतील तर त्यांचेही पाहा. त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही वाका. पावले सगळ्या शरीराचा भार वाहतात आणि त्यांची दाद सर्वांत शेवटी लागते. ती थोडी आधी लागावी, यासाठीच आम्ही आज येथे आलो.

पुष्कळांनी खुर्च्या अपुऱ्या पडल्यामुळे उभ्याने ऐकले. उभे असलेल्यांनी आता बसावे.